चार हॉप्स आणि एक गोंधळलेली पेल एल: हॉप्सच्या चहाचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात राहणाऱ्या एका मराठी घरातले आहे. घरातील गृहस्थ माझे स्नेही असून ते अनेक वर्षांपासून आपल्या गॅरेजमध्ये बीअर बनवतात. अमेरिकेत १९७८ साली मंजूर होऊन पुढच्या वर्षी लागू झालेल्या संघीय कायद्यामुळे स्वतःच्या घरापुरती बीअर बनवणे करमुक्त आणि वैध झाले. दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनांची मर्यादा आहे आणि ती बीअर विकता येत नाही. महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी बीअर बनवणे १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याने गुन्हा ठरते, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. ज्या प्रयोगाविषयी हे टिपण आहे तो मात्र पाण्यात हॉप्स, म्हणजे बीअरला कडूपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले, भिजवून चव घेण्याचा आहे. त्यात साखर नाही, यीस्ट नाही आणि म्हणून अल्कोहोलही नाही. हॉप्स मिळू शकत असतील तिथे तो कोणालाही करता येईल.

तक्रार काय होती

या गृहस्थांची नेहमीची बीअर म्हणजे अमेरिकी पद्धतीची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची, हॉप्सच्या सुगंधाची बीअर; १९ लिटरांची बॅच. तिच्यात ते सेंटेनियल, सिट्रा, सिम्को आणि मोझॅइक हे चार हॉप्स वापरत. चारही उकळ संपल्यावर गरम वर्टमध्ये, म्हणजे माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेल्या, अजून न आंबवलेल्या गोड पाण्यात, आणि पुन्हा चारही आंबवण संपत आल्यावर ड्राय हॉपिंगसाठी, म्हणजे न उकळता बीअरमध्येच भिजत ठेवण्यासाठी. बीअरला सुगंध भरपूर होता, पण तो कशाचा हे कोणाला सांगता येत नसे. ग्लास नाकाशी नेला की आधी काहीतरी फळासारखे जाणवे, त्यामागून चिरून ठेवलेल्या कांद्याचा वास येई आणि घोट संपल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला तुरट कडवटपणा बराच वेळ रेंगाळे. सुगंध स्पष्ट व्हावा म्हणून त्यांनी प्रत्येक बॅचला हॉप्सचे प्रमाण वाढवत नेले आणि ते लिटरला १० ग्रॅमच्या पुढे गेले, तरी स्पष्टता आली नाही.

बीअर चाखणाऱ्या मित्रमंडळींनी कांद्याच्या वासाचा दोष एकमुखाने सिम्कोवर ठेवला. सिम्कोची तशी ख्याती आहेच, आणि गृहस्थही तो पाककृतीतून काढून टाकण्याच्या विचारात होते. चार घटकांच्या मिश्रणात एका घटकाला दोषी ठरवायचे तर तो घटक आधी एकटा चाखलेला असावा, एवढाच माझा आग्रह होता. प्रत्येक हॉपची स्वतंत्र बीअर बनवणे हा त्याचा खात्रीचा मार्ग आहे; पण त्यासाठी चार बॅच, चार आंबवण्या आणि कित्येक आठवडे लागतात. हॉप्सचा चहा एका सकाळी होतो. तो अशा वेळी किती उपयोगी पडतो आणि कोणत्या ठिकाणी त्याचा शब्द अखेरचा मानू नये, हे या प्रकरणातून चांगले दिसून आले.

हॉप्समध्ये चाखण्यासारखे काय असते

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल आहे आणि बीअरसाठी तिच्या मादी फुलांचे शंकू वापरतात. शंकूच्या पाकळ्यांच्या तळाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते आणि बीअरला हवे असलेले जवळजवळ सारे काही तिच्यात असते: अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले. अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि मूळ रूपात फारशी कडूही नसतात. वर्ट उकळत असताना त्यांची रचना बदलते, ती आयसो-अल्फा आम्ले होतात आणि बीअरचा ओळखीचा कडूपणा मुख्यतः त्यांच्यापासून येतो. ऑरेगन राज्य विद्यापीठातील मॅलोविकी आणि शेलहॅमर यांनी २००५ साली या बदलाचा वेग मोजला. त्यांच्या आकड्यांवरून तापमान १० अंशांनी उतरले की वेग जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात पाच मिनिटे भिजवलेल्या हॉप्समधून हा कडूपणा नाममात्र येतो.

सुगंधी तेलांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मिर्सीन, ह्युम्युलीन, कॅरियोफिलीन ही त्यांतील प्रमाणाने मोठी संयुगे. पण ती पाण्यात विरघळण्यास नाखूश असतात आणि उष्णतेने वाफेबरोबर उडून जातात. लिनालूल आणि जेरॅनिऑल यांच्यासारखी ऑक्सिजनयुक्त संयुगे प्रमाणाने थोडी, पण पाण्यात बरीच अधिक विरघळणारी असल्यामुळे चहात आणि बीअरमध्ये ती टिकतात. यांशिवाय गंधकयुक्त थायॉल संयुगे असतात. ती अत्यल्प मात्रेत असूनही पॅशनफ्रूट, ब्लॅककरंट किंवा कांदा-लसूण अशा टोकाच्या वासांना कारणीभूत होतात.

चार हॉप्सच्या घराण्यांकडेही पाहिले पाहिजे. सेंटेनियल १९९० साली बाजारात आला आणि त्याला पुष्कळदा ‘सुपर कॅस्केड’ म्हटले जाते. मूळ कॅस्केड ऑरेगनमध्येच, कॉर्वॅलिस येथे, अमेरिकी कृषी खाते आणि तिथले विद्यापीठ यांच्या कामातून १९७२ साली पुढे आला होता. सिम्को २००० सालचा, सिट्रा २००८ च्या सुमाराचा आणि मोझॅइक २०१२ चा. मोझॅइक ही सिम्कोची थेट संतती आहे. या नात्याचा विचार मित्रमंडळींच्या निवाड्यात कोणी केला नव्हता. आईचा दोष म्हणून जे सांगितले जात होते ते मुलीच्या अंगीही असू शकते, ही शक्यता पहिल्यापासून उघडी ठेवायला हवी होती.

पहिली फेरी आणि ती का वाया गेली

गृहस्थांनी पहिला चहा आपल्या रोजच्या चहासारखाच केला. चार मगांमध्ये अंदाजाने हॉप्सच्या गोळ्या (वाळवून दळलेले हॉप्स दाबून केलेल्या) टाकल्या, वरून उकळते पाणी ओतले आणि मग वीस मिनिटे उघडेच ठेवले. चारही मगांत हिरवट, गढूळ पाणी तयार झाले. वास उकडलेल्या पालेभाजीचा आणि चव कडू-तुरट. चारही एकमेकांसारखेच लागत होते आणि चहाची ही रीत कुचकामी आहे असे त्यांचे मत होऊ लागले होते.

कारणे शोधली तेव्हा ती एकेक करून सापडली. उघड्या मगातून उडणारी वाफ आपल्यासोबत सुगंध घेऊन जात होती आणि उकळत्या पाण्याने पानांतील टॅनिनसारखी द्रव्ये अधिक ओढून काढली होती. गोळ्या अंदाजाने घेतल्यामुळे चार मगांतील प्रमाणही सारखे नव्हते. सर्वांत दुर्लक्षित कारण पाणी हे होते. पोर्टलंडला बुल रन पाणलोटातून येणारे पाणी अतिशय मऊ आहे, पण नळापर्यंत येताना नळांच्या गंजापासून संरक्षणासाठी त्याचा पीएच वाढवलेला असतो आणि निर्जंतुकीकरणासाठी त्यात क्लोरामीन असते. क्लोरामीनचा वास आणि त्यापासून होणारी औषधी चव नाजूक सुगंधांवर सहज मात करते. शिवाय बीअरचा पीएच साधारण ४.२ ते ४.६ असतो, तर या पाण्याचा ८ च्या वर. अल्कधर्मी पाण्यात अल्फा आम्ले आणि तुरट द्रव्ये दोन्ही अधिक उतरतात, त्यामुळे असा चहा बीअरपेक्षा कितीतरी ओबडधोबड लागणार हे ठरलेलेच होते.

यानंतर जी पद्धत बसवली ती अशी. कार्बन फिल्टरमधून गाळलेले पाणी घेऊन त्यात विरल केलेल्या लॅक्टिक आम्लाचे थेंब टाकून पीएच ४.५ च्या आसपास आणला. पाणी मऊ असल्यामुळे अगदी थोडे आम्ल पुरते आणि ते आधी विरल केले नाही तर पीएच एकदम खाली घसरतो. १ ग्रॅम हॉप्स अचूक काट्यावर तोलून झाकणाच्या काचेच्या बरणीत घातले, त्यावर ७० अंशांचे २५० मिलिलिटर पाणी ओतले आणि झाकण लावून पाच मिनिटांनी धुतलेल्या कागदी कॉफी फिल्टरमधून गाळले. हे प्रमाण लिटरला ४ ग्रॅम होते, म्हणजे १९ लिटरांच्या बॅचला ७६ ग्रॅम. घरगुती पेल एलला ते वास्तवाला धरून आहे. कागद थोडे तेल शोषून घेतो हे खरे, पण तो चारही चहांचे तेल सारखेच शोषतो आणि तुलनेसाठी तेवढे पुरते. फ्रेंच प्रेसने गाळून पाहिले तर गोळ्यांची बारीक भुकटी जाळीतून निसटून कपात येते आणि चाखेपर्यंत चहा मुरतच राहतो, म्हणून ती बाजूला ठेवली.

गाळलेले चहा झाकून खोलीच्या तापमानाला येऊ दिले. गरम चहा चाखणे सुखाचे असते, पण गरम असताना वास झटकन येतो आणि झटकन जातो. चार कपांची तुलना करायला वेळच मिळत नाही.

चाखणारे आणि त्यांची तयारी

चाखायला गृहस्थ, त्यांच्या पत्नी, आमचे एक शेजारी आणि मी असे चौघे होतो. वहिनी बीअर घेत नाहीत. बीअरच्या चाचणीला त्या कधीच बसल्या नसत्या. चहाला बसल्या, आणि आमच्या चौघांत त्यांचे नाक सर्वांत भरवशाचे ठरले. या पद्धतीचा हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. घरातील जी व्यक्ती मद्य घेत नाही तिचे निरीक्षण एरवी ब्रूअरला मिळतच नाही, आणि मद्य घेणाऱ्यांचे निरीक्षणही तिसऱ्या ग्लासानंतर विश्वसनीय राहत नाही.

चाखणे सकाळी, स्वयंपाकाला सुरुवात होण्याआधी ठेवले. घरात फोडणी पडली की त्या दिवशी कांद्याच्या वासाचा शोध घेण्यात अर्थ उरत नाही. त्याआधी कोणी चहा-कॉफी घ्यायची नाही, अत्तर लावायचे नाही. दोन कपांच्या मध्ये पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा. कपांवर नावे नव्हती, तीन आकडी क्रमांक होते आणि प्रत्येकाने वेगळ्या कपापासून सुरुवात करायची होती, कारण कडूपणा जिभेवर साचत जातो आणि शेवटचा कप नेहमीच सर्वांत कडू वाटतो. आधी चारही कपांचा फक्त वास घ्यायचा, लिहून काढायचे आणि मगच घोट घ्यायचा. लिहून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही हा नियम पाळायला सर्वांत कठीण गेला, पण तोच सर्वांत आवश्यक होता. एकाने ‘ग्रेपफ्रूट’ म्हटले की बाकीच्यांच्या नाकालाही ग्रेपफ्रूट येऊ लागते.

वासांची ओळख पटवण्यासाठी वहिनींनी घरातल्याच वस्तूंच्या छोट्या बरण्या मांडल्या: किंचित ठेचलेले धणे, भरडलेली काळी मिरी, गवती चहाची पात, गुलाबपाणी, ग्रेपफ्रूटची साल, चिरलेला कांदा आणि अंगणातल्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या सुया. ही निवड वरवर घरगुती दिसली तरी तिला रसायनशास्त्राचा आधार आहे. धण्याच्या तेलात लिनालूल हेच मुख्य, काळ्या मिरीत कॅरियोफिलीन भरपूर, गुलाबात जेरॅनिऑल, गवती चहात सिट्राल. आणि सिट्राल वगळता ही संयुगे हॉप्सच्या सुगंधात प्रत्यक्ष महत्त्वाची आहेत. हॉप्स विकणाऱ्यांच्या पत्रकांत ‘ब्लूबेरी’ किंवा ‘गूसबेरी’ असे शब्द असतात. ज्याने गूसबेरी कधी खाल्ली नाही त्याने तो शब्द पाठ करून काय साधणार? धण्याची बरणी हुंगून लगेच कप हुंगला तर साम्य आहे की नाही हे कोणालाही ठरवता येते.

चार कपांनी काय सांगितले

सेंटेनियलचा कप सर्वांत आधी ओळखीचा झाला. गुलाबपाणी आणि धणे ही दोन नावे चौघांच्याही कागदावर होती, मागे लिंबाच्या सालीची छटा. सिट्राच्या कपात ग्रेपफ्रूट, पिकलेले फळ आणि पुन्हा धणे. सिम्कोच्या कपाने आम्हा सर्वांना चकित केले: डग्लस फरच्या सुया, ओली माती, थोडी मिरी आणि घोटानंतर पॅशनफ्रूट. कांद्याचा मागमूस नव्हता. तो चौथ्या कपात होता. वहिनींनी तिथे एकच शब्द लिहिला होता, ‘कांदा’, आणि खाली रेघ मारली होती. बाकी तिघांपैकी दोघांनी ‘लसूण’ किंवा ‘कांद्याची पात’ असे लिहिले होते. चौथा कप मोझॅइकचा होता.

एवढ्यावर निकाल देऊन टाकणे सोपे होते, पण वर्णन करणे आणि फरक ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुढे त्रिकोणी चाचणी घेतली. तीन कप द्यायचे, दोघांत एकच चहा, तिसऱ्यात वेगळा; वेगळा कोणता ते शोधायचे. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एकदोन बरोबर उत्तरांवर समाधान मानता येत नाही. नऊ वेळा चाचणी घेऊन किमान सहा उत्तरे बरोबर आली तर ती केवळ नशिबाने येण्याची शक्यता शेकडा पाचाहून कमी असते, आणि घरगुती कामाला हा निकष पुरेसा कडक आहे. सिम्को आणि मोझॅइक या निकषावर सहज वेगळे ओळखू आले. सेंटेनियल आणि सिम्कोही. सेंटेनियल आणि सिट्रा मात्र आम्हाला खात्रीने वेगळे करता आले नाहीत, जरी त्यांची वर्णने लिहिताना आम्ही दोघांना भिन्न स्वभाव बहाल केले होते. बीअरचा सुगंध गोंधळलेला का वाटत होता याचे निम्मे उत्तर मला येथे मिळाले: चारपैकी दोन हॉप्स या प्रमाणात एकच काम करत होते.

जात की पाकीट

सिम्को निर्दोष ठरला म्हणून गृहस्थ आता मोझॅइकला काढून टाकायला निघाले. या ठिकाणी मी त्यांना थांबवले, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो.

चहा ज्या गोळ्यांचा केला त्या एका विशिष्ट पाकिटातल्या होत्या. ते पाकीट एका हंगामातील, एका लॉटचे होते. हॉप्स हे शेतीचे पीक आहे. उत्तर गोलार्धात त्याची तोडणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते आणि एकाच जातीची तोडणी आठवडाभर पुढेमागे झाली तरी तेलांचे प्रमाण बदलते. वेलीवर अधिक काळ राहिलेल्या शंकूंत एकूण तेल वाढते, पण त्याबरोबर गंधकयुक्त, कांदा-लसणासारखे वासही वाढतात. सिम्को आणि मोझॅइक या मायलेकींमध्ये ही प्रवृत्ती विशेष आहे. साठवणीचा परिणाम निराळा असतो. हवा लागून जुने झालेले हॉप्स चीजसारखा वास देतात, कारण अल्फा आम्लांच्या विघटनातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते. आमच्या कपात चीज नव्हते, कांदा होता. म्हणून फ्रीझरमधील साठवणीला दोष देण्यास कारण नव्हते.

दुसऱ्या हंगामातील मोझॅइकचे सीलबंद पाकीट आणले आणि जुन्या-नव्याचा चहा त्याच रीतीने करून क्रमांक लावून ठेवला. नव्या पाकिटाच्या चहात आंबा आणि बेरीसारखे फळ होते, किंचित मातीचा वास होता आणि कांदा नव्हता. त्रिकोणी चाचणीत हे दोन कप वेगळे करण्यात कोणाचीच चूक झाली नाही. एकाच जातीच्या दोन पाकिटांतील हा फरक सेंटेनियल आणि सिट्रा या दोन भिन्न जातींतील फरकापेक्षा मोठा होता. हॉप्सच्या चहाने जातींचा अभ्यास होतो असे सर्रास सांगितले जाते; माझे मत असे झाले आहे की चहा हातातल्या पाकिटाची साक्ष अतिशय चोख देतो, परंतु जातीविषयी काही म्हणायचे असेल तर निरनिराळ्या हंगामांतील निरनिराळी पाकिटे चाखलेली असली पाहिजेत. एक पाकीट चाखून ‘मोझॅइक असा असतो’ असे ठरवणाऱ्याने त्या जातीवर अन्याय केलेला असतो आणि स्वतःच्या पुढच्या कित्येक बीअरवरही.

बीअरमध्ये पडताळणी

चहाची साक्ष बीअरमध्ये कितपत टिकते ते पाहण्यासाठी गृहस्थांनी साध्या पेल माल्टचे वर्ट एकाच वेळी बनवून एकेक गॅलनच्या काचेच्या बाटल्यांत वाटले आणि सर्वांत तेच यीस्ट घातले. दोन बाटल्यांत ड्राय हॉपिंगला मोझॅइक, एकीत जुन्या पाकिटाचा आणि दुसरीत नव्या. जुन्याच्या बाटलीत कांदा आला, नव्याच्या बाटलीत आला नाही. चहा आणि बीअर यांचे येथे पूर्ण एकमत झाले.

सेंटेनियलच्या बाबतीत ते झाले नाही. त्याचे हॉप्स तिसऱ्या बाटलीच्या वर्टमध्ये आंबवणीपूर्वी, गरम असतानाच घातले होते. चहातला गुलाब तयार बीअरमध्ये जवळजवळ दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी लिंबाचा, ईडलिंबाच्या सालीच्या अंगाने जाणारा वास आला. ही चहाची चूक म्हणता येणार नाही. हे यीस्टचे काम आहे. आंबवणीच्या काळात यीस्ट जेरॅनिऑलचे काही प्रमाणात सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते, आणि सिट्रोनेलॉल लिंबूवर्गीय वासाकडे झुकते. जपानमधील साप्पोरो कंपनीच्या संशोधकांनी या रूपांतरणावर तपशीलवार काम केले आहे. यीस्ट हॉप्समधील गंधहीन, बांधलेल्या अवस्थेतील थायॉल संयुगेही मोकळी करू शकते, आणि नुसत्या पाण्यात ते कधीही घडणार नाही. त्यामुळे आंबवणीच्या आधी घालायच्या हॉप्सबद्दल चहाने दिलेले उत्तर अपुरे समजावे आणि आंबवण संपल्यानंतर घालायच्या हॉप्सबद्दल दिलेल्या उत्तरावर बराच विश्वास ठेवावा, असा भेद मी आता करतो.

ज्यांना स्वतःची बीअर बनवता येत नाही किंवा बनवायची नाही त्यांना मधला एक मार्ग आहे. साध्या, सौम्य लागरची बाटली उघडून तीत ग्रॅमभर गोळ्या टाकायच्या, लगेच पुन्हा बूच बसवायचे आणि तीन-चार दिवसांनी थंड करून चाखायची. तिच्यात अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि बीअरचा खरा पीएच आयताच मिळतो. गोळ्या पडताच बीअर फसफसून वर येते, म्हणून बाटली आधी चांगली थंड असावी आणि बूच हाताशी असावे. बाटली तपकिरी काचेची घ्यावी. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतून प्रकाश आत जातो, कडू आम्लांपासून गंधकाचा एक उग्र वास तयार होतो आणि मग चाचणी हॉप्सची न राहता उन्हाची होते.

तुरटपणाचा धागा

कांद्याचा उलगडा झाला तरी घोटानंतरचा तुरट कडवटपणा शिल्लक होता. ७० अंशांच्या चहातही कडूपणा होताच, आणि आयसो-अल्फा आम्ले इतक्या कमी तापमानाला नाममात्रच तयार होतात हे वर आलेच आहे. हा कडूपणा दोन ठिकाणांहून येतो: पानांतील पॉलिफिनॉलांपासून, आणि साठवणीत अल्फा आम्लांचे ऑक्सिडीकरण होऊन बनणाऱ्या ह्युम्युलिनोनांपासून. ती पाण्यात आणि बीअरमध्ये न उकळताही विरघळतात, म्हणून नुसत्या ड्राय हॉपिंगनेही बीअर कडू होते.

मग नव्या मोझॅइकचेच दोन चहा केले, एक लिटरला ४ ग्रॅमचा आणि दुसरा १० ग्रॅमचा. अडीच पट हॉप्सच्या कपात अडीच पट फळ येईल अशी गृहस्थांची अपेक्षा होती. फळ किंचित वाढले. सुक्या गवताचा आणि काळ्या चहाच्या भुकटीचा वास मात्र पुष्कळ वाढला, आणि रेंगाळणारा तुरटपणा हुबेहूब त्यांच्या पेल एलमधला होता. कॉर्वॅलिसच्याच ऑरेगन राज्य विद्यापीठात लाफॉन्टेन आणि शेलहॅमर यांनी कॅस्केडच्या ड्राय हॉपिंगवर केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे गेल्यास सुगंधात फारशी भर पडत नाही आणि त्याचा कल लिंबूवर्गाकडून वनस्पती-चहाच्या बाजूला झुकतो. स्पष्टता मिळवण्यासाठी गृहस्थ जे प्रमाण वाढवत होते, तेच स्पष्टता हिरावून घेत होते.

नवी पाककृती

पाककृती बदलली ती अशी. आंबवणीपूर्वी, ७५ अंशांच्या आसपास, फक्त सेंटेनियल. गुलाबाचे लिंबू करण्याचे काम यीस्टवर सोपवले. ड्राय हॉपिंगला नव्या पाकिटाचा मोझॅइक आणि त्याच्या निम्मा सिम्को, दोन्ही मिळून लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे बॅचला ११४ ग्रॅम. सिट्रा वगळला. त्याचा स्वभाव मला आवडतो आणि तो वगळण्याला माझा विरोध होता, पण सेंटेनियलजवळ तो वेगळा ओळखू येत नाही हे आमच्याच चाचणीत ठरले होते आणि त्यापुढे माझ्या आवडीला फारसे वजन नव्हते. उरलेला सिट्रा त्यांनी एकट्याने वापरायच्या बीअरसाठी ठेवला आहे.

नवी पेल एल तयार झाल्यावर कांद्याचा वास नव्हता, तुरटपणा घोटाबरोबर संपत होता आणि सिम्कोच्या फरच्या सुया सहज ओळखता येत होत्या. फळ आधीपेक्षा थोडे कमी होते. एका जुन्या मित्राला आधीची, भरगच्च सुगंधाची बीअरच अधिक आवडत होती आणि त्याने ते स्पष्ट सांगितले. ती आवड समजण्यासारखी आहे.

आता त्या घरी नवे पाकीट आले की ते फ्रीझरमध्ये जाण्याआधी त्यातील १ ग्रॅमचा चहा होतो आणि पाकिटावर हंगामाचे वर्ष, अल्फा आम्लांची टक्केवारी आणि वहिनींच्या अक्षरात दोन-तीन शब्द लिहिले जातात. जुन्या मोझॅइकवर लिहिले आहे: ‘फक्त उकळीला’. दीर्घ उकळीत उडनशील वास निघून जातो आणि कडूपणा मिळतो, त्यामुळे ते पाकीट फेकावे लागले नाही. चहाचा चोथा मात्र झाकणाच्या कचरापेटीत टाकतात, कारण शेजाऱ्यांकडे कुत्रा आहे आणि हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. ते पोटात गेल्यास कुत्र्याच्या शरीराचे तापमान धोकादायक वाढून जीव जाऊ शकतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी हा प्रयोग करताना गोळ्या, चोथा आणि गाळलेला कागद या तिन्ही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.